दर्याची ओढ

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी भूगोल शिकविणारा एक साधा शिक्षक. समुद्रशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा मी दर्या निवडला, याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, आपल्यापैकी कित्येकांच्या घरांत रात्री दिवा मालवला की लाटांचा आवाज ऐकू येतो. कित्येकांचे आजोबा गलबतावर तांडेल होते, वडील बोटीवर खलाशी होते, भाऊ आजही जहाजावर किंवा आखातात आहेत. असे असून लाट म्हणजे काय, असे नववीच्या वर्गात विचारले की पुस्तकातली दोन वाक्ये पाठ म्हणून दाखविली जातात आणि आम्ही गुण देऊन मोकळे होतो.

दुसरे कारण जरा कठीण आहे, पण स्पष्ट सांगितलेले बरे. पाऊस सरला की आपल्या किनाऱ्यावर सहलींच्या गाड्या येऊ लागतात, आणि दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गाडीत परत जाताना एखादी जागा रिकामी असते. २०१६ सालच्या १ फेब्रुवारीला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या एका महाविद्यालयाच्या चौदा मुलामुलींचा बुडून मृत्यू झाला. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे दर्या शांत असण्याचे दिवस. शांत दर्यात धडधाकट तरुण मुले कशी बुडतात? या प्रश्नाचे उत्तर नशिबावर टाकून देता येते, पण त्याला विज्ञानाचेही उत्तर आहे, आणि ते दहावीच्या मुलाला समजण्याइतके सोपे आहे. तेथपर्यंत पोहोचावयाचे तर आधी लाट आणि प्रवाह यांची ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्याला वाटते की लाट म्हणजे किनाऱ्याकडे धावत येणारे पाणी. हे खरे नाही. ऑक्टोबरात पिकलेल्या भातशेतावरून वारा गेला की शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत लाट धावत जाते. परंतु भाताचा एक तरी आवा आपली जागा सोडून जातो काय? तो वाकतो आणि पुन्हा उभा राहतो. जे धावते ते हालचालीचे रूप, भात नव्हे. दर्याचेही तसेच आहे. लाटा फुटतात त्या जागेच्या पलीकडे, खोल पाण्यात, एखादा नारळ तरंगत असेल तर त्याच्याकडे नीट पाहा. लाट आली की तो वर चढतो, थोडा पुढे येतो. लाट गेली की खाली उतरतो, थोडा मागे जातो, आणि जवळजवळ होता तेथेच राहतो. पाण्याचा प्रत्येक कण असाच वर्तुळात फिरत असतो. पृष्ठभागावर हे वर्तुळ लाटेच्या उंचीएवढे असते. खाली जावे तसे ते लहान लहान होत जाते. दोन लाटांच्या माथ्यांमधील जे अंतर, त्याच्या निम्म्या खोलीवर गेले की हालचाल जवळपास संपते. म्हणून वर कितीही खवळलेले असले तरी पुरेसे खोल गेलेल्या पाणबुडीला त्याची फारशी खबर नसते.

ही हालचाल देतो कोण? बहुतेक वेळा वारा. शांत पाण्यावर वाऱ्याची पहिली झुळूक आली की बारीक सुरकुत्या पडतात. सुरकुती पडली की वाऱ्याला धरावयाला जागा मिळते, मग तो आणखी ढकलतो, सुरकुतीची लाट होते. लाट किती मोठी व्हावी हे तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा आहे, तो किती वेळ वाहतो आहे, आणि किती लांबच्या मोकळ्या पाण्यावरून तो येतो आहे. तिसरी गोष्ट आपण विसरतो. खाडीत कितीही वारा सुटला तरी तेथे डोंगराएवढी लाट उठत नाही, कारण वाऱ्याला धावावयाला मैदानच नाही. आणि आषाढात आपल्या किनाऱ्यावर जे पाणी आपटते, त्याच्यामागे आफ्रिकेच्या किनाऱ्यापासूनचे मोकळे मैदान आहे.

आता एक गंमत. वारा थांबला म्हणून लाट थांबत नाही. तुफानात जन्मलेली लाट तुफानाबाहेर पडते आणि कोणी ढकलत नसतानाही पुढे चालत राहते. १९६३ साली वॉल्टर मंक या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी पॅसिफिक महासागरात ओळीने केंद्रे उभारून अशा लाटांचा माग काढला. अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण महासागरातील वादळांत उठलेल्या लाटा सारा पॅसिफिक ओलांडून थेट अलास्काच्या किनाऱ्यावर जाऊन पोहोचल्या होत्या. आपल्या हिंदी महासागरातही हेच घडते. दक्षिणेकडे, जेथे जमीन नाही व वारा वर्षभर गर्जत असतो, तेथे उठलेल्या लाटा पाच ते सात दिवसांत आपल्या किनाऱ्याला लागतात. केरळात अशा वेळी आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, आणि अचानक समुद्र चढून घरांत शिरतो. तेथील कोळी त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. काय नेमके नाव आहे पाहा! आज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था अशा लाटांचा इशारा काही दिवस आधी देऊ शकते, कारण लाटेचा वेग हिशेबाने काढता येतो.

तो हिशेब विद्यार्थ्यांनी वहीत उतरून घ्यावा. किनाऱ्यावर उभे राहून एक लाट फुटल्यापासून दुसरी फुटेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. दहा लाटांचा वेळ घेऊन दहाने भागलेत तर अधिक चांगले. खोल समुद्रात त्या लाटेचा वेग दर सेकंदाला साधारण त्या आकड्याच्या दीडपट मीटर असतो. दहा सेकंद आले तर दर सेकंदाला पंधरा-सोळा मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५६ किलोमीटर. महामार्गावरच्या एस. टी.ची बरोबरी झाली! पाच-सहा सेकंद आले तर लाट जवळच्या वाऱ्याने उठविलेली आहे असे समजा. बारा, चौदा, पंधरा सेकंद आले तर ती फार लांबून आलेली पाहुणी आहे. अशा लांब लाटा खोल पाण्यात दिसतातही सपाट आणि सौम्य. किनाऱ्याशी आल्यावर मात्र त्यांचे खरे वजन कळते. घड्याळ असलेल्या कोणाही मुलाला हे काम जमते. त्याला प्रयोगशाळा लागत नाही आणि संस्थेच्या तिजोरीवर भारही पडत नाही.

किनारा जवळ आला की लाटेचे पाय जमिनीला लागतात. पाणी उथळ झाले म्हणजे तिचा वेग कमी होतो. दोन मीटर खोल पाण्यात तो ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास येतो. मागून येणारी लाट अजून वेगात असते, त्यामुळे लाटा एकमेकींच्या जवळ दाटतात आणि उंच होतात. शेवटी लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या पुढे गेली की माथा तोल सोडतो आणि लाट फुटते. या क्षणापर्यंत पाणी जागच्या जागी फिरत होते. लाट फुटल्यावर मात्र पाणी खरोखरच पुढे ढकलले जाते. हा फरक ध्यानात ठेवा. त्या पुढे ढकललेल्या पाण्याचे काय होते ते मी मुद्दाम शेवटी सांगणार आहे.

लाटा वळतात हेही तुम्ही पाहिले असेल. वारा तिरका असला तरी किनाऱ्यावर लाटा जवळजवळ समोरूनच येतात, कारण लाटेचा जो भाग आधी उथळ पाण्यात येतो तो मंदावतो आणि उरलेला भाग वळसा घेऊन त्याला गाठतो. सड्याचे टोक समुद्रात घुसलेले असेल तर तीच वळणारी लाट दोन्ही बाजूंनी त्या टोकावर जाऊन आदळते. म्हणून आपल्याकडे टोकांवर उघडे काळे खडक आणि दोन टोकांच्या मधल्या पोकळीत वाळूची पुळण, अशी रचना गावोगाव दिसते. खडकावर उभे राहून छायाचित्र काढणाऱ्यांनी हे विसरू नये की, लाटांनी आपला जोर ओतण्यासाठी नेमकी तीच जागा निवडलेली आहे. सातवी लाट मोठी असते असे म्हणतात. सातचा नियम काही खरा नाही. परंतु लाटा कळपाने येतात, पंधरा मिनिटे लहान लाटा आल्या तरी एक मोठा कळप मागाहून येऊ शकतो, एवढे मात्र त्या म्हणण्यात तथ्य आहे.

सुनामीविषयी थोडक्यात सांगतो, कारण मुले हमखास विचारतात. ती वाऱ्याची लाट नव्हे. समुद्राचा तळ भूकंपाने एकदम वर-खाली झाला की वरचे सगळे पाणी, तळापासून माथ्यापर्यंत, हलते. चार हजार मीटर खोल समुद्रात तिचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या पुढे असतो. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेल्या सुनामीत अनेक देशांतील मिळून दोन लाखांहून अधिक माणसे गेली. अरबी समुद्रही यातून मुक्त नाही; नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. समुद्र एकाएकी नेहमीपेक्षा फार मागे हटलेला दिसला तर शिंपले वेचावयाला धावू नये, उंचावर पळावे.

आता प्रवाहांकडे वळू. लाटेत पाणी जागच्या जागी फिरते. प्रवाहात ते खरोखर प्रवास करते. याचा एक मजेदार दाखला आहे. जानेवारी १९९२ मध्ये पॅसिफिक महासागरात एका मालवाहू जहाजावरून वादळात काही पेट्या पडल्या आणि सुमारे २९ हजार प्लॅस्टिकची खेळणी, बदके, कासवे, बेडूक, पाण्यावर तरंगू लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती अलास्कातील सिट्का गावाच्या किनाऱ्याला लागू लागली. शास्त्रज्ञांनी कोणत्या किनाऱ्यावर कधी किती बदके आली याच्या नोंदी ठेवल्या आणि त्यावरून प्रवाहाचा वेग तपासून पाहिला.

पण पॅसिफिक दूरचा. अरबी समुद्राची गोष्ट त्याहून अद्भुत आहे, आणि ती आपली आहे. जगातील बहुतेक मोठे प्रवाह वर्षभर एकाच दिशेने वाहतात. आपला समुद्र मात्र वर्षातून दोनदा पाठ फिरवितो. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते आणि नैर्ऋत्येकडून वारा येतो. हिवाळ्यात जमीन थंड होते आणि वारा ईशान्येकडून उलटा वाहतो. वाऱ्याबरोबर प्रवाहही उलटतात. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह हिवाळ्यात दक्षिणेकडे जातो आणि पावसाळ्यात तोच उत्तरेकडे इतक्या जोराने वाहतो की जगातील अतिवेगवान प्रवाहांत त्याची गणना होते. काही ठिकाणी दर सेकंदाला दोन मीटरहूनही जास्त. आपल्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात पाणी दक्षिणेकडे सरकते. हिवाळ्यात ते उत्तरेकडे वाहू लागते आणि बंगालच्या उपसागराकडचे कमी खारट पाणी वळसा घालून वर आणते.

अरब दर्यावर्दींना या ऋतूंचे ज्ञान शेकडो वर्षांपासून होते. ‘मौसिम’ या अरबी शब्दाचा अर्थ ऋतू, ठरलेली वेळ; त्यावरूनच इंग्रजांचा ‘मॉन्सून’ आला आणि आपल्या मराठीतला ‘मोसम’ही त्याच घरचा. पंधराव्या शतकात अहमद इब्न माजिद या नाविकाने कोणत्या बंदरातून कोणत्या मोसमात निघावे याची माहिती आपल्या ग्रंथांत लिहून ठेवली. वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट त्यानेच दाखविली असे आपण ऐकत आलो आहोत. पण इतिहासकार आता बहुधा ते मान्य करीत नाहीत. गामाची गोष्ट मात्र मोसमाचे महत्त्व समजण्यास फार उपयोगी आहे. १४९८ च्या २४ एप्रिलला त्याने आफ्रिकेचे मालिंदी बंदर माहितगार वाटाड्याबरोबर सोडले आणि २० मे रोजी तो कालिकतजवळ पोहोचला. चार आठवडेही लागले नाहीत. परतताना त्याने मोसमाची वाट पाहिली नाही. ऑक्टोबरच्या आरंभी कारवारजवळचे अंजदीव बेट सोडले, आणि वारा नाही, प्रवाह उलट, अशा समुद्रात तो जवळजवळ तीन महिने अडकला. १४९९ च्या जानेवारीत आफ्रिका दिसली तोवर त्याचे कितीतरी खलाशी स्कर्व्हीने मेले होते. तोच समुद्र, तीच जहाजे. फक्त महिना चुकला. दाभोळ, चौल, राजापूर येथून अरबस्तानात व हजला जाणारी गलबते या चुकीला फारशी बळी पडत नसत, कारण वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होते.

प्रवाह वाऱ्याच्या बरोबर सरळ जात नाही, ही आणखी एक नवलाची गोष्ट. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणाऱ्या पाण्याला उजवीकडे ओढ बसते. नॉर्वेचा संशोधक नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात आपले ‘फ्राम’ जहाज उत्तर ध्रुवाकडील बर्फात अडकवून घेऊन राहिला होता. बर्फ वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकतो हे त्याच्या ध्यानात आले. एकमन या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने पुढे त्याचे गणित मांडले. त्या गणिताचा संबंध आपल्या ताटातल्या बांगड्याशी आहे म्हटले तर हसू नका! पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याला लागून वारा दक्षिणेकडे घसटत जातो. पाणी त्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, सरकते. रिकामी झालेली जागा भरावयाला खालचे थंड पाणी वर येते. त्यात तळाचे खत असते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर तारली आणि बांगडा पोसतो. हे केरळच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त होते, उत्तरेकडे कमी कमी होत जाते. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर तर इतके थंड पाणी वर येते की सोमालियाजवळ भर उन्हाळ्यात समुद्राचे तापमान २० अंशांच्याही खाली जाते. आपल्यापैकी ज्यांचे नातलग सलालाला आहेत त्यांना विचारा. जून ते सप्टेंबर सारे अरबस्तान भाजत असताना सलालाला धुके, रिमझिम आणि हिरवळ असते. मोसमी वाऱ्यातील बाष्प त्या थंड पाण्यावरून जाताना धुके होते, हे त्याचे एक मोठे कारण.

वाऱ्याशिवायही पाणी वाहते. तांबड्या समुद्रातून वर्षाला सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी वाफ होऊन उडून जाते आणि एकही मोठी नदी त्याला मिळत नाही. त्यामुळे तेथील पाणी फार खारट, म्हणून जड होते. बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या वाटेने हे जड पाणी तळाशी बाहेर पडते आणि वरून अरबी समुद्राचे हलके पाणी आत जाते. एकाच दारातून खालून जाणारे आणि वरून येणारे! बाहेर पडलेले खारट पाणी काही शे मीटर खोल जाऊन अरबी समुद्रात पसरते. ध्रुवांकडील थंड, जड पाणी तर तळाला बुडून सगळ्या महासागरांच्या तळातून फिरते, आणि त्या फेरीला शेकडो, हजार वर्षे लागतात. यावर बोलावयास लागलो तर जेवणाची वेळ होईल, असो.

भरती-ओहोटीकडे येतो. चंद्र आपल्याकडच्या पाण्याला जास्त ओढतो, पलीकडच्या पाण्याला कमी. म्हणून पृथ्वीच्या दोन बाजूंना पाण्याचे दोन फुगवटे होतात आणि पृथ्वी त्यांच्याखालून फिरते. म्हणून दिवसातून दोन वेळा भरती, आणि चंद्र पुढे सरकत असल्यामुळे दररोज ती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. सूर्याचा ओढा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्येला व पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची तोंडे काटकोनात असतात, तेव्हा भांग. उधाणाला पाणी खूप चढते आणि खूप उतरते. मुंबईला हा फरक पाच मीटरच्या आसपास जातो, गोव्याकडे दोन-अडीच मीटर, आपण मधले. खंभातच्या आखातात तो दहा मीटरवर जातो, कारण तेथे समुद्र उथळ आणि आखात नरसाळ्यासारखे आहे.

आपल्या किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. पंधरा तिथी संपल्या की पुन्हा एकपासून. आपल्या घरी तिथीचे पंचांग नसले तरी चांदाची तारीख असतेच. चांद दिसतो तोवर शुक्ल द्वितीया उजाडलेली असते, म्हणून चांदाच्या तारखेत एक, कधी दोन, मिळविले की तिथी होते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल. अचूक वेळ हवी असेल तर सरकारी भरतीची कोष्टके मिळतात, फोनवरही मिळतात. परंतु फोनला रेंज नसेल तेव्हा आजोबांचा हिशेब कामाला येतो.

आता फुटलेल्या लाटेच्या पाण्याची उरलेली गोष्ट. लाटामागून लाटा पाणी पुळणीकडे ढकलतात. ते पाणी परत गेलेच पाहिजे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचे बांध असतात. परतणारे पाणी त्या बांधांमधील खिंड शोधते आणि तिच्यातून, पाटाचे पाणी फुटलेल्या बांधातून धावते तसे, समुद्राकडे धावते. इंग्रजीत याला रिप करंट म्हणतात; आपले कोळी एवढेच म्हणतात की ‘तिथे पाण्याला ओढ आहे’. तिची रुंदी बहुधा आपल्या शाळेच्या अंगणाएवढी. वेग नेहमी दर सेकंदाला अर्धा मीटर, पण कधी कधी दोन मीटरपर्यंत जातो. शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत ऑलिंपिकमधला विजेता दर सेकंदाला दोन मीटरहून किंचित जास्त जातो. त्याची ही गती, तर आपल्या मुलांचे काय?

आणि फसवणूक पाहा. जेथे ओढ असते तेथे खिंडीमुळे पाणी खोल असते, म्हणून तेथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत, शांत पट्टा. पोहता न येणारी मुले लाटांना भिऊन नेमकी तेथेच उतरतात. पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे उंचावरून बघावे. फेस, काटक्या, गढूळ वाळू एखाद्या पट्ट्यातून समुद्राकडे जाताना दिसली की ती जागा वर्ज्य.

ही ओढ माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेते. बुडणारा बहुधा दमून बुडतो, कारण तो सरळ किनाऱ्याकडे, म्हणजे ओढीच्या विरुद्ध, हातपाय मारतो. सापडल्यास घाबरू नये; पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी. लाटा फुटण्याच्या जागेपलीकडे गेल्यावर ओढ सहसा संपते. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून पट्ट्याच्या बाहेर पडावे आणि मग जिथे लाटा फुटत आहेत तेथून परत यावे. काठावरच्यांनी मागोमाग उड्या मारू नयेत. एकाला वाचवावयाला गेलेले तिघे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. रिकामा बंद कॅन, टायरची ट्यूब, दोरी, जे तरंगेल ते फेकावे आणि गावच्या कोळ्यांना हाक मारावी. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर भिजलेली ओढणी, साडी, बुरखा, पँट ही सारी अंगावरची ओझी होतात. एक घनमीटर समुद्राचे पाणी एक टनाहून जड असते. ते चालू लागले की पायाखालची वाळूही निघून जाते. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला विहिरीत किंवा तलावात पोहणे शिकवावे असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु पोहता येते म्हणून ओढीशी झुंज घेता येते असे मात्र कोणी समजू नये.

खाडीच्या तोंडाशी धोका दुप्पट. ओहोटीला, म्हणजे आपण ज्याला सुकती म्हणतो तेव्हा, साऱ्या खाडीचे पाणी त्या तोंडातून बाहेर पडते. तिचा जोर भरती संपून तीन तास झाले की सर्वांत जास्त असतो.

तेव्हा सहलीचा दिवस ठरविताना शिक्षकांनी व पालकांनी आधी हा हिशेब करावा. समजा, चांदाची ९ तारीख आहे. तिथी दहावी धरा. पाऊणपट साडेसात, सकाळी साडेसातला पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेदोनच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. सहलीची गाडी नेहमीप्रमाणे साडेदहाला पोहोचली, म्हणजे मुले ज्या वेळी कपडे सावरत पाण्याकडे धावतील, तेव्हा सुकती ऐन जोरात असेल. त्या वेळी मुलांना पुळणीवर खेळवावे, किल्ला दाखवावा, जेवण उरकावे. दोननंतर पाणी पुन्हा चढू लागेल; तेव्हाही खाडीचे तोंड सोडून, लाटा सारख्या फुटत असतील अशा जागी, गुडघाभर पाण्यातच, आणि काठावर दोरी व ट्यूब घेऊन दोन मोठी माणसे उभी करूनच. या वर्षीच्या सहलीची तारीख ठरली असेल तर वर्गप्रमुखांनी ती सांगावी; फळ्यावर खडू आहे, आपण आत्ताच भरतीची वेळ काढू.